सामुदायिक प्रार्थना सात माणसांवर आली असेल तर

यवतमाळ जिल्ह्यातील एका तरुण ग्रामपंचायत सदस्याने मला सविस्तर पत्र लिहिले आहे. त्यांच्या गावात मारुतीच्या देवळासमोर रोज दिवेलागणीला होणाऱ्या सामुदायिक प्रार्थनेला पूर्वी साठ-सत्तर माणसे बसत. आता सात-आठ वयस्क मंडळीच उरली आहेत. तीच प्रार्थना मोबाइलवरून भोंग्यावर लावली जाते, त्यामुळे बसून म्हणायची गरज काय, असे मुले विचारतात. बौद्ध वस्तीतील कोणी येत नाही, याची त्यांना खंत आहे. वर्गणी करून मोठी साउंड सिस्टिम आणली तर माणसे परत येतील का, असा त्यांचा व्यवहाराचा प्रश्न आहे. आणि त्याच्या मुळाशी दुसरा प्रश्न आहे की, तेच ते शब्द अनेकांनी मिळून म्हटल्याने गावाला नेमके मिळते काय.

मी अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि जवळजवळ चाळीस वर्षे आमच्या भजन मंडळात खंजिरी वाजवत व प्रार्थना सांगत आलो आहे. त्या अनुभवावरून आधी व्यवहाराचे उत्तर देतो: साउंड सिस्टिम आणू नका, आणि आहे तो भोंगाही प्रार्थनेपुरता बंद करा. माझ्या मते माणसे कमी होण्याचे एक मोठे कारण तो भोंगाच आहे. ज्या दिवशी प्रार्थना घरबसल्या ऐकू येऊ लागली, त्या दिवसापासून ती ऐकण्याची वस्तू झाली, आणि ऐकण्यासाठी देवळापर्यंत चालत जाण्याचे कोणाला कारण उरले नाही.

हे नीट समजावे म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. वयाच्या पंचविशीत मंडळाने प्रार्थना सांगण्याचे काम माझ्याकडे दिले. माझा आवाज तेव्हा खणखणीत होता आणि तो लोकांनी ऐकावा अशी हौसही होती. मी पेटीवर काळी दोन ही उंच पट्टी धरून सुरुवात करी आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सूर आणखी वर नेई. लोक कौतुक करत. दीड-दोन महिन्यांनी मागच्या रांगेतील एक म्हातारी आजी प्रार्थना संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमचा सूर लय वर जाते. आमचा गया (गळा) तेथवर पोचत नाही, मंग आमी नुसत्या ओठ हालवतो." त्या रात्री मला झोप आली नाही. मी प्रार्थना सांगत होतो आणि निम्मे गाव माझ्यासमोर मुके बसले होते, हे मला कळलेही नव्हते, कारण माझ्या कानात माझाच आवाज भरलेला होता. दुसऱ्या दिवसापासून मी पांढरी एक या खालच्या पट्टीवर आलो, चाल अशी बसवली की वरच्या षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या 'सा'पर्यंत, जावेच लागू नये, आणि पहिल्या ओळीनंतर माझा आवाज मुद्दाम खाली घेऊ लागलो. पंधरा दिवसांत मागच्या रांगेचा आवाज मला ऐकू येऊ लागला. तो काही फार सुरेल नव्हता. पण तो गावाचा होता.

समूहाने म्हणण्यात गावाला काय मिळते, याचे माझे उत्तर या एका अनुभवावर उभे आहे. एकट्याने म्हणताना माणूस स्वतःचे ऐकतो. दहा जणांत म्हणताना त्याला शेजाऱ्याचे ऐकूनच म्हणावे लागते, नाहीतर लय तुटते. शेजारी हळू म्हणत असेल तर आपण थांबायचे, तो पुढे गेला असेल तर आपण पाऊल उचलायचे, आणि कोणाचा श्वास अर्ध्यावर संपला तर बाकीच्यांनी ओळ सांभाळायची. ही सवय रोज वीस मिनिटे अंगात मुरत असते, आणि पुढे त्याच माणसांना पांदण रस्त्यासाठी, विहिरीच्या गाळासाठी किंवा कोणाच्या जळालेल्या गोठ्यासाठी एकत्र बसायचे असते, तेव्हा ती उपयोगी पडते. मी पाहिलेल्या गावांत जिथे प्रार्थना खऱ्या अर्थाने मिळून होत असे, तिथे भांडणे नव्हती असे मुळीच नाही. पण भांडताना एकाचे बोलणे पुरे होईपर्यंत दुसरा थांबत असे.

यात श्वासाचा भागही मोठा आहे. आपल्या जुन्या ग्रंथांतील ओवी घ्या: पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. त्या चौथ्या चरणाच्या शेवटी सगळ्यांचा श्वास एकदम आत जातो. पन्नास माणसे एका ठिकाणी, एका क्षणी श्वास घेतात, असे दिवसभरात दुसऱ्या कुठल्या प्रसंगी घडते? २००१ मध्ये इटलीतील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला सांगितले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटाला साधारण ६ वर येऊन स्थिरावला. एरवी स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. धर्म वेगळे, भाषा वेगळी, आणि तरीही श्वासाची लांबी तीच निघाली. दिवसभर डवरणी करून किंवा कापूस वेचून आलेल्या माणसाला प्रार्थनेनंतर अंग हलके वाटते, याचे काही कारण इथेही असावे, असे मला वाटते.

मुलांचा आक्षेप मात्र हलका समजू नका. तेच ते शब्द का, आणि अर्थ कळत नसेल तर कशासाठी, हे त्यांनी विचारलेच पाहिजे. माझे म्हणणे असे की, समूहाने म्हटले जाणारे सगळे एका मापाने मोजता येत नाही. शेगावला 'गण गण गणात बोते' म्हणणाऱ्या हजारो भक्तांना अर्थ विचारलात तर अनेक अर्थ ऐकायला मिळतील, आणि तरी गजानन महाराजांच्या पालखीबरोबर चालणाऱ्याच्या पायाला त्या शब्दांचा ठेका पुरतो. तिथे शब्द काठीसारखे आहेत, टेकत टेकत चालायचे. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या प्रसंगाची जात वेगळी आहे. प्रतिज्ञा म्हणजे शब्द देणे, आणि न कळता शब्द देता येत नाही. तिथे उभ्या असलेल्या माणसाने, ज्याच्या बापाला देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नव्हते, स्वतःच्या तोंडाने, हजारो शेजाऱ्यांच्या साक्षीने, आपण आजपासून कोण आहोत हे उच्चारले. ते कागदावर सही करून झाले नसते. एकमेकांच्या आवाजाने त्या उच्चाराला बळ दिले.

आणि तिसरी एक तऱ्हा आहे, जी आपल्या विदर्भातील गावांत अजून जिवंत आहे आणि जिच्याकडे आपण प्रार्थनेच्या संदर्भात कधी पाहत नाही. ती म्हणजे पोळ्याच्या झडत्या, बैलांसमोर मोठ्याने म्हणायच्या यमक जुळवलेल्या ओळी. श्रावण अमावास्येला आखरावर, म्हणजे गावची गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते, त्याखाली सजवलेल्या बैलजोड्या रांगेने उभ्या असतात, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि तोरण तुटायला अजून अवकाश असतो. अशा वेळी कोणीतरी एक जण पुढे होऊन झडती टाकतो. गेल्या काही वर्षांत आमच्या आखरावर ऐकलेल्या झडत्यांच्या धर्तीवर मीच एक रचली होती, ती देतो:

आभाय गरजते, पन पानी पडत नाही,
घरातल्या कापसाले भाव चढत नाही,
सोसायटीच्या पायरीनं चप्पल झिजली,
बैलानं मान हालोली, त्याले गोठ समजली;
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शेवटची ओळ परंपरेने ठरलेली आहे आणि 'हर हर महादेव' हे सगळ्या आखराने म्हणायचे असते. आता यातील रचना पाहा. वरच्या चार ओळी एकट्याच्या, त्या दरवर्षी नव्या. खालची ओळ सगळ्यांची, ती शेकडो वर्षे तीच. एकट्या माणसाचे गाऱ्हाणे, टोमणा, सावकाराविषयीचा किंवा पुढाऱ्याविषयीचा राग, जो त्याने चावडीवर एकट्याने बोलून दाखवला असता तर भांडण झाले असते, तो या ओळीच्या आधाराने सगळ्या गावासमोर येतो आणि गाव 'हर हर महादेव' म्हणून त्याला आपल्या तोंडात घेते. झडती आवडली नाही तर समोरच्या बाजूने दुसरी झडती येते, आणि तिलाही शेवट तोच असतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी मतभेद सांगण्यासाठी आणि तरीही एका आवाजात संपवण्यासाठी किती नेमकी रीत घडवली आहे, याचे मला दर पोळ्याला नव्याने आश्चर्य वाटते. तुमच्या गावातील मुलांना प्रार्थना जुनी वाटत असेल, तर त्यांना आधी झडत्या लिहायला लावा. मिळून म्हणण्याची गोडी तिथून लागते. प्रार्थनेचे नंतर पाहता येईल. मुलींसाठी भुलाबाई आहेच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी जाऊन गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची, यात लाजाळूतल्या लाजाळू मुलीचाही आवाज मोकळा होतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ही ताकद फार लवकर ओळखली. १९०९ मध्ये यावलीला जन्मलेल्या या माणसाने १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारले, आणि गावोगाव खंजिरी भजनाबरोबर सामुदायिक प्रार्थनेची शिस्त लावली: ठरलेली वेळ, सरळ रांगा, जातपात न पाहता शेजारी बसणे, आधी क्षणभर शांतता. ग्रामगीता या आपल्या ग्रंथाच्या ४१ अध्यायांत सामुदायिक प्रार्थनेसाठी त्यांनी स्वतंत्र अध्याय ठेवला, तोही गावाची स्वच्छता, शिक्षण, श्रम अशा विषयांच्या बरोबरीने. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती गावच्या कामाचाच भाग होती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव' चळवळीत विदर्भातील चिमूर आणि आष्टी ही गावे पेटली, त्याच वर्षी इंग्रज सरकारने महाराजांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. हातात खंजिरीशिवाय काही नसलेल्या माणसाला कैद करावीशी वाटली, यावरून मिळून गाणाऱ्या गावाची धास्ती सरकारला किती वाटत होती ते दिसते. गाडगेबाबांची रीत निराळी होती. ते कीर्तनात प्रश्न विचारत, लोकांकडून मोठ्याने उत्तरे काढून घेत, आणि एखादी झोंबणारी गोष्ट सांगून झाली की 'गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला' असा गजर धरत. कर्ज काढून सण करू नका, हुंडा घेऊ नका, हे ऐकून खजील झालेल्या माणसाला त्या गजरात पुन्हा सगळ्यांबरोबर उभे राहायला जागा मिळत असे. उपदेशानंतर अशी जागा ठेवणे ही मोठी करुणा आहे, आणि आजच्या व्याख्यात्यांत मला ती क्वचितच दिसते.

दुःखाच्या घरात तर याची किंमत शब्दांत सांगता येत नाही. आमच्या शेजारच्या गल्लीत एका शेतकऱ्याने जीव दिला, तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण त्या अंगणात प्रार्थनेला बसलो. सांत्वनाचे काय बोलावे, हे आमच्यापैकी कोणालाही सुचत नव्हते, आणि जे सुचत होते ते बोलण्यासारखे नव्हते. त्याचा धाकटा भाऊ खांबाला टेकून बसला होता. त्याने तीन दिवसांत कोणाशी एक अक्षर काढले नव्हते. आम्ही रोज जात राहिलो. दहाव्या दिवशी, माझी नजर त्याच्याकडे होती म्हणून दिसले, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द आमच्याबरोबर होते. त्यानंतर दोन दिवसांनी त्याने मला विचारले की, वखरणीला बैलजोडी मिळेल का. अशा घरात स्वतःचे शब्द शोधायला लावणे हा माणसावर अत्याचार असतो; ठरलेले, पाठ असलेले, सगळ्यांचे शब्द तिथे हाताला धरायला मिळतात. तुमच्या मुलांना 'तेच ते' शब्दांचा कंटाळा येतो, त्यांना एवढे सांगा की हे शब्द अशा दिवसासाठी पाठ करून ठेवायचे असतात.

आता बौद्ध वस्तीविषयी. तुमची तळमळ खरी आहे, पण 'ते येत नाहीत' ही मांडणी मला पटत नाही. त्यांच्या विहारात संध्याकाळी वंदना होते, उपासिका रांगेत बसून पाली गाथा म्हणतात, वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, ग्रंथवाचन चालते. त्यांचा आवाज त्यांनी मोठ्या संघर्षाने मिळवलेला आहे. मारुतीच्या देवळासमोर त्यांनी येऊन बसावे, ही अपेक्षा करण्याआधी त्याच जागी त्यांच्या आजोबांना काय वागणूक मिळाली होती, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. तुम्हाला जवळीक हवी असेल तर बुद्धपौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला तुम्ही विहारात जा, मागे बसा, म्हणता येत नसेल तर ऐका. सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात प्रार्थनेची सुरुवातच जपानी बौद्ध भिक्षूंकडून आलेल्या मंत्राने होते. पुढे ईशावास्य, कुराणातील आयत आणि गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे असतात. कोणाचे शब्द मोडून एक नवी खिचडी केलेली नाही. प्रत्येकाचे शब्द पुरे होईपर्यंत बाकीच्यांनी त्यांच्याबरोबर बसायचे, एवढेच. २६ जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर संविधानाची उद्देशिका सगळ्या गावाने मिळून वाचावी, असे मी सुचवीन. तिथे यजमान आणि पाहुणा असा भेद राहत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण याच शक्तीचा दुरुपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. मिळून म्हटलेले शब्द दुसऱ्यावर फेकताही येतात. मिरवणुकीत विशिष्ट घरांसमोर थांबून, डीजेचा आवाज वाढवून तेच देवाचे नाव घेतले जाते, तेव्हा शब्द पवित्र असले तरी ते कृत्य पवित्र राहत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: म्हणणाऱ्याला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येतो का? डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर भोंगा लावता येत नाही आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मर्यादा धर्मावर बंधन आहे असे काही जण सांगतात. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटे टाळ घेऊन गल्लीगल्लीतून जाणारा काकडा आमच्या लहानपणी भोंग्याविनाच जागवत असे. तो जवळ येताना आणि दूर जाताना ऐकू येई, आणि अंथरुणातल्या मुलालाही कळत असे की पुढे कोणाचे आजोबा आहेत आणि मागे कोण रेंगाळले आहे.

मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात मी अनेकदा गेलो आहे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांनी देह ठेवला, म्हणून त्याच वेळेला मौन श्रद्धांजली असते. आधी मैदानभर भजनांचा, खंजिरीचा, दिंड्यांचा गजर चाललेला असतो, आणि ती वेळ आली की लाखो माणसे एकाच क्षणी थांबतात. कडेवरच्या मुलाचे रडणे दूरवरून ऐकू येते. कोणी पोलीस ती शांतता राखत नाही. इतकी माणसे मिळून गप्प बसू शकतात, कारण ती वर्षानुवर्षे मिळून म्हणत आलेली आहेत. कधी थांबायचे हे त्यांना शेजाऱ्याच्या श्वासावरून कळते.

म्हणून तुमच्या सात माणसांना कमी समजू नका. सात जण गोलात, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले तर प्रत्येकाला सहाही आवाज वेगळे ऐकू येतात, आणि नव्याने येणाऱ्याला लगेच सामावून घेता येते. सत्तर माणसे पांगून बसली तर ते जमत नाही. सांगणारा रोज बदला, सुरेल माणसालाच ते काम कायमचे देऊ नका. चुकणारा सांगणारा असला की बाकीचे अधिक जागे राहतात. पेटी नसली तरी चालेल. खंजिरी ठेवा, पण पावसाळ्यात तिचे चामडे सैल पडते, तेव्हा आधी शेकोटीवर धरून तापवून घ्या, नाहीतर ठेका बसत नाही आणि दोष माणसांना दिला जातो. म्हणणे वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. शेवटी दोन मिनिटे शांत बसा आणि मग लगेच उठून न जाता पाच मिनिटे गावाचे बोला: कोणाच्या घरी आजारी आहे, कोणाची म्हैस अडली आहे, कोणाला उद्या मजूर कमी पडत आहेत. जमवलेली वर्गणी परत करणे अवघड वाटत असेल तर देवळासमोरच्या जागेवर फरशी आणि एक दिवा करून घ्या, म्हणजे वयस्कांना बसता-उठता त्रास होणार नाही.

वेळेचा विचार मात्र बायकांना विचारून करा; बहुतेक गावांत तो पुरुष करतात आणि मग बायका येत नाहीत म्हणून तक्रार करतात. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की त्या अंधार पडताना शेतातून परततात, कापूस मोजून देतात, चूल पेटवतात, धारा काढतात. त्या दिवसांत साडेसहाची प्रार्थना म्हणजे त्यांना येऊ नका असे सांगण्यासारखेच आहे. आमच्याकडे मागच्या रांगेतल्या त्याच आजीच्या सांगण्यावरून आम्ही वेचणीचे तीन महिने आठची वेळ ठेवली, आणि पहिल्याच आठवड्यात फडक्यात गुंडाळलेली भाकर हातात घेऊनच चौघी-पाच जणी येऊन बसल्या.